आजाऱ्याची सवलत हीसुद्धा इबादतच

रमजानच्या महिन्यात मोहल्ल्यात सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "रोजा है ना?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काही वाईट नसते. दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो, खाला भाचीला विचारते, कचेरीतले हिंदू सहकारीही "आज रोजा असेल ना?" असे आपुलकीने विचारून चहाचा कप मागे घेतात. निरोगी माणसाला उत्तर द्यायला एक क्षण पुरतो. पण ज्याचे दुखणे बाहेरून दिसत नाही, त्याला महिनाभर दिवसातून दहा वेळा या प्रश्नाला सामोरे जावे लागते. "नाही" म्हटले की कारण द्यावे लागते. कारण दिले की ते पटवून द्यावे लागते. पटले नाही की पुढचे वाक्य ठरलेले असते, "दिखती तो अच्छीच है!"

मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, हा अशा न दिसणाऱ्या आजारांपैकी एक. त्यात ज्यांना भोवळीचा त्रास आहे, त्यांचे दुखणे तर दुहेरी लपलेले असते. एमआरआयच्या फिल्मवर डाग दिसतात, पण ओटा धरून उभ्या असलेल्या बाईला सगळे स्वयंपाकघर फिरताना दिसते आहे, हे शेजारी उभ्या असलेल्या सासूला दिसत नाही.

हा आजार नेमका काय आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. विजेच्या तारेवर जसे प्लास्टिकचे वेष्टण असते, तसे आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या या आवरणावरच हल्ला करते. आवरण खराब झाले की संदेश अडखळत जातात, कधी वाटेतच थांबतात. पॅरिसमध्ये झाँ-मार्तें शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे पहिले व्यवस्थित वर्णन केले. आज जगात २८ लाखांहून अधिक लोक तो घेऊन जगत आहेत. त्याची सुरुवात बहुधा २० ते ४० या वयात होते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण जास्त आहे. म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न, मुले या सगळ्यांची जबाबदारी ज्या वयात अंगावर असते, नेमक्या त्याच वयात तो येतो. आणि त्या वयाच्या माणसाने रोजा न ठेवणे लोकांच्या डोळ्यांत सर्वांत जास्त खुपते.

आता भोवळीविषयी. मराठीत आपण सगळ्यालाच "चक्कर" म्हणतो. उपाशीपोटी डोळ्यांपुढे अंधारी आली तरी चक्कर, अशक्तपणाने तोल गेला तरी चक्कर, आणि घर गरगरा फिरू लागले तरी चक्करच. युनानी हकिमांनी यात फरक केला होता. उठताना डोळ्यांपुढे अंधार येतो तो "सदर", आणि आपण किंवा आजूबाजूचे सगळे फिरते आहे असे वाटते तो "दुवार". मराठीतला "भोवळ" हा शब्द या दुसऱ्या अवस्थेच्या जवळचा आहे, त्यात भोवऱ्याची आठवण आहे. हा फरक शब्दांपुरता नाही. अंधारी आलेल्या माणसाला लिंबूपाणी देऊन, आडवे करून बरे वाटते. भोवळ आलेल्याला आडवे झाल्यावरही पलंग फिरतोच, डोळे स्थिर राहत नाहीत, उलट्या होतात. रस्त्यात असे झाले तर बघणारे त्याला दारुड्या समजतात.

तोल सांभाळायला शरीराला तीन ठिकाणांहून खबर लागते. कानाच्या आतली तोलाची यंत्रणा, डोळे आणि तळपायांसह सांध्यांतली जाणीव. यातली एखादी खबर चुकली तर उरलेल्या दोन सावरून घेतात. एमएसच्या रुग्णात तिन्हींना धक्का पोहोचलेला असू शकतो. मेंदूच्या बुंध्याजवळ किंवा लहान मेंदूत डाग पडला की भोवळ येते. डोळ्याच्या नसेला सूज येऊन गेली असेल तर नजर अंधूक राहते. तळपाय बधिर असतील तर जमीन नीट कळत नाही. साधारण पाच रुग्णांपैकी एकाला आजाराच्या वाटचालीत कधी ना कधी खरी भोवळ येते.

पण एमएस आहे म्हणून प्रत्येक भोवळ एमएसचीच, असेही नाही. कानाच्या आत चुन्याचे सूक्ष्म कण असतात. ते जागेवरून सुटून तोलाच्या नळीत शिरले की कूस बदलताना, मान वर करताना, खाली वाकताना काही सेकंद सगळे गरगरते. याला बीपीपीव्ही म्हणतात. एमएसच्या रुग्णांतही भोवळीचे हे मोठे कारण आहे. त्यावर उपाय सोपा आहे. डॉक्टर किंवा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट डोके ठरावीक क्रमाने फिरवून ते कण जागेवर आणतात, आणि पुष्कळदा एक-दोन वेळांतच आराम पडतो. एमएसच्या नव्या झटक्याची भोवळ मात्र एका दिवसाहून जास्त टिकते. तिच्यासाठी अनेकदा तीन ते पाच दिवस शिरेतून स्टिरॉइड द्यावे लागते. तिसरा प्रकार ताप, उन्हाळा आणि थकव्याने जुनीच लक्षणे तात्पुरती उसळण्याचा. आणि भोवळीबरोबर अचानक बोबडी वळली, एका बाजूची ताकद गेली किंवा डोके असह्य दुखू लागले, तर तो पक्षाघातही असू शकतो. मग घरी थांबायचे नसते. "चक्करची गोळी" घेऊन महिनोन्‌महिने दिवस काढणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की भोवळ दाबणाऱ्या बहुतेक गोळ्या थोड्या दिवसांसाठी असतात. त्या लांबल्या की मेंदूची स्वतःहून सावरण्याची प्रक्रिया मंदावते. लांबच्या वाटचालीत उपयोगी पडतो तो नजर आणि मान यांचा नेमाने केलेला व्यायाम.

हे सगळे रमजानच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारेल. कारण रमजानची दिनचर्या आणि भोवळ यांची गाठ पावलोपावली पडते.

पहाटे सहरीला उठायचे म्हणजे अर्धवट झोपेत, अंधारात, झटकन उठून बसायचे. ज्याचा तोल डोळ्यांच्या भरवशावर उभा आहे, त्याच्यासाठी अंधार हाच पहिला खड्डा. मग वजू. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटतात, आणि डोळे मिटताच तोल जातो. ओल्या फरशीवर एका पायावर उभे राहून दुसरा पाय धुणे तर याहून धोक्याचे. त्यानंतर नमाज. तरावीहच्या वीस रकातींत चाळीस सजदे होतात, म्हणजे चाळीस वेळा कपाळ जमिनीला आणि चाळीस वेळा पुन्हा वर. दोन-दोन रकातींनंतर सलाम फेरताना मान उजवीकडे आणि डावीकडे वळते, ती वळणे आणखी वीस. निरोगी माणसाला ज्या हालचालींतून शांती मिळते, त्याच हालचाली भोवळीच्या रुग्णाला एकामागून एक ढकलत असतात. आणि हे सगळे दाटीच्या सफीत, खांद्याला खांदा लावून.

दिवसाचा त्रास वेगळा. विल्हेल्म उटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० साली नोंदवले, की एमएसचे काही रुग्ण श्रम करतात तेव्हा त्यांची नजर तात्पुरती मंदावते. पुढे कळले, की कारण वाढलेली उष्णता आहे. अंगाचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी खराब झालेल्या तंतूंतून संदेश जाणे अवघड होते. शरीर थंड झाले की त्रास ओसरतो, पण तोवर माणूस भिंतीला टेकलेला असतो. खानदेश-मराठवाड्यातल्या उन्हात, पत्र्याच्या घरात, पाण्याचा घोटही न घेता पार पाडलेली दुपार त्याच्यासाठी काय असेल, याची कल्पना करता येते. त्यात औषधांच्या वेळा. पायांचा ताठरपणा कमी करणारी काही औषधे दिवसातून तीनदा घ्यावी लागतात. बॅक्लोफेनसारखे औषध एकदम बंद केले तर जिवावर बेतू शकते. "महिनाभर गोळ्या राहू दे, अल्लाह बघून घेईल" हा सल्ला देणाऱ्याला हे माहीत नसते.

आता धर्म काय सांगतो ते पाहू. ज्या सूरह बकरामध्ये रोजा फर्ज केल्याची आयत आहे, तिथेच आजाऱ्याला आणि प्रवाशाला सूट दिलेली आहे. सुटलेले रोजे दुसऱ्या दिवसांत पूर्ण करावेत, ज्याला ते शक्यच नाही त्याने एका गरिबाला जेवू घालावे, आणि अल्लाहला तुमच्यासाठी सोपे करायचे आहे, अवघड करायचे नाही, असा त्याचा आशय आहे. हुकूम आणि सवलत एकाच जागी, एकाच दमात आलेले आहेत. सवलत ही मागाहून कोणी शोधलेली पळवाट नव्हे. नमाजीचेही तसेच. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर पडून नमाज पढावी, ही शिकवण पैगंबरांनी इम्रान इब्न हुसैन या आजारी साथीदाराला दिल्याचे बुखारीच्या हदीस-संग्रहात नमूद आहे. खाली वाकणे शक्य नसेल तर मानेच्या इशाऱ्याने सजदा होतो, हे मदरशातल्या मुलालाही ठाऊक असते.

मग अडते कुठे? अडते ते लोकांच्या नजरेत. कित्येक घरांत ज्या दिवसांत स्त्रीला रोजा माफच आहे, त्या दिवसांतही ती दाराआड उभी राहून चार घास खाते. सवलत कागदावर आहे, पण ती उघडपणे वापरण्याची हिंमत घराने दिलेली नाही. ज्या घरात चार दिवसांची सवलत लपवावी लागते, त्या घरात आयुष्यभराच्या आजाराची सवलत कशी उघड घेता येईल? "नानी सत्तर साल की है, एक रोजा नहीं छोड़ती," असे ऐकवले की तिशीतल्या रुग्णाने काय बोलावे? नानीची हिंमत मोठीच आहे. पण नानीच्या मज्जातंतूंचे आवरण शाबूत आहे, हेही खरे आहे.

एमएसच्या बाबतीत एक अवघड मुद्दा आहे आणि त्यावर आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. शरीअतच्या पुस्तकांत आजाऱ्याच्या दोन मुख्य वाटा सांगितलेल्या असतात. बरा होणारा आजारी पुढे कजा रोजे ठेवतो. बरा होण्याची आशा नसलेला फिदया देतो. एमएसचा रुग्ण या दोन्हींच्या मधे उभा असतो. सुमारे ८५ टक्के रुग्णांत आजाराची सुरुवात झटके आणि उसंत अशा आलटून-पालटून येणाऱ्या रूपात होते. फेब्रुवारीत जो पलंगावरून उठू शकत नव्हता, तो ऑक्टोबरमध्ये कामावर जातो. काही वर्षांनी उसंत कमी होत जाते, अशक्तता साचत जाते. म्हणजे एकाच माणसाला एका वर्षी कजा लागू होईल, दुसऱ्या वर्षी कदाचित सगळे रोजे जमतील, आणि दहा वर्षांनी फिदयाच उरेल. त्यामुळे "एकदा काय ते ठरवून टाका" असे इथे चालत नाही. दरवर्षी रमजानच्या आधी मेंदूविकारतज्ज्ञाला विचारावे, आणि त्याचे म्हणणे घेऊन मुफ्तीसाहेबांकडे जावे. डॉक्टरला मसला ठाऊक नसतो आणि मुफ्तीला एमआरआय वाचता येत नाही. दोघांनी मिळून उत्तर द्यायचे आहे. फिदयाचे मापही कोकणातल्या शाफई घरांत आणि देशावरच्या हनफी घरांत वेगळे असते. तेही स्थानिक पातळीवर विचारून घ्यावे.

कजाच्या बाबतीत निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून रमजान ऋतूंमधून मागे सरकत राहतो. पण कजा रोजा कोणत्या ऋतूत ठेवायचा हे माणूस ठरवू शकतो. आपल्याकडे जूनमधला रोजा सुमारे साडेचौदा तासांचा असतो, डिसेंबरमधला सव्वाबारा तासांच्या आसपास, आणि हवाही थंड. उसंतीच्या काळात, थंडीत, एकेक करून ठेवलेले रोजे हे पळ काढणे नव्हे. नियमानुसार केलेली ती परतफेड आहे.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. पुष्कळ रुग्णांना स्वतःलाच रोजा ठेवायचा असतो. वर्षभर आजार त्यांच्याकडून एकेक गोष्ट काढून घेत असतो. गाडी चालवणे जाते, जिना जातो, बाजार जातो. रमजानमध्ये सगळ्या घराबरोबर खजूर हातात घेऊन अजानची वाट पाहणेही गेले, तर आपण घरातलेच राहिलो नाही असे वाटते. ही भावना खोटी नाही. आजार शांत असलेल्या, चालते-फिरते असलेल्या काही रुग्णांना डॉक्टरच्या देखरेखीखाली रोजा जमतोही. म्हणून सर्वांना एकाच मापाने "तुम्ही ठेवूच नका" असे सांगणेही चूक. मुद्दा असा, की ठरवण्याचा हक्क रुग्णाचा आहे. तो हक्क घरच्यांच्या आग्रहाने किंवा शेजाऱ्यांच्या नजरेने हिरावला जाऊ नये. आणि ज्याने रोजा ठेवलेला नाही, त्यालाही दस्तरख्वानवर तीच जागा, तीच खजूर आणि तोच मान मिळायला हवा. इफ्तारची दुआ मागताना रोजेदार कोण आणि बिनरोजेदार कोण, अशी रांग लावायची नसते.

कोणी म्हणेल, सवलत अशी मोकळी केली तर आळशी लोक आजाराचे ढोंग करतील. करतीलही काही. पण ढोंगी माणसाचा हिशेब त्याच्यात आणि अल्लाहमध्ये आहे, त्यासाठी मोहल्ल्याने पंच नेमायचे कारण नाही. दहा ढोंग्यांना पकडण्यासाठी एका खऱ्या आजाऱ्याला चौकात उभे करणे हा सौदा कोणत्याही धर्मात बसत नाही.

करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. रमजानच्या आधीच्या जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी दोन मिनिटे आजाऱ्याच्या सवलतीवर बोलावे, आणि न दिसणाऱ्या आजारांचे नाव घेऊन बोलावे. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, फीट, मानसिक आजार आणि एमएस. मशिदीत खुर्च्या असतातच. त्या सफीच्या टोकाला, भिंतीजवळ ठेवाव्यात, म्हणजे हाताला आधार राहील. वजूखान्यात एक-दोन बैठकांजवळ पकडायला दांडी बसवली आणि फरशी खरखरीत केली, तर आजाऱ्यांबरोबर म्हाताऱ्यांचेही भले होईल. घरात सहरीच्या वेळी एक मंद दिवा लावलेला असावा. रुग्णाने आधी कुशीवर वळावे, मग पाय खाली सोडून मिनिटभर बसावे, समोरच्या एका स्थिर वस्तूवर नजर ठेवावी आणि मग उठावे. वजू स्टुलावर बसून करावा. भोवळ सुरू झाली की जिथे असेल तिथे बसावे. त्या वेळी घरच्यांनी त्याला ओढून उभे करू नये, प्रश्नांची सरबत्ती करू नये, फक्त जवळ बसावे.

सरकारदरबारीही या आजाराची ओळख पटलेली आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे जे २१ प्रकार मोजले आहेत, त्यांत एमएसचा उल्लेख नावानिशी आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५पासून काम करते आहे आणि तिची सुरुवात मुंबईतच झाली. पण जिल्ह्याच्या गावात अजूनही कित्येकांना या आजाराचे नाव धड उच्चारता येत नाही. मग तो कधी "कमजोरी" ठरतो, कधी "नजर लागली" ठरतो, तर कधी "सासरी काम नको म्हणून नाटक" ठरतो. शेवटचा आरोप मुस्लिम घरांतच होतो असे नाही. नवरात्रात नऊ दिवस निर्जळी करणाऱ्या जावेशी तुलना होऊन खाली मान घालणारी सूनही याच गावात राहते. वडाला सात फेरे घालताना जिचे डोके गरगरते आणि तरी जी कोणाला सांगत नाही, तीही इथलीच. उपास आणि व्रते ही दोन्हीकडे आहेत, आणि त्यांतून आजाऱ्याला मिळणारी मोकळीकही दोन्हीकडे आहे. ती मोकळीक माणसाला लाज न वाटता घेता यावी, एवढेच दोन्हीकडे कमी पडते.

रोजा हा शब्द कानावर येतो तेव्हा आपल्याला भूक आणि तहान आठवते. पण रोजा जिभेचाही असतो आणि नजरेचाही, हे प्रत्येक रमजानमध्ये मिंबरवरून सांगितले जाते. दुसऱ्याच्या ताटाकडे, त्याच्या पाण्याच्या ग्लासाकडे संशयाने न पाहणे हा नजरेचा रोजा. "का नाही ठेवला?" हे न विचारणे हा जिभेचा रोजा. त्याला कोणतेही आजारपण आड येत नाही, आणि त्यातून कोणाला सूटही नाही. या रमजानमध्ये कोणाची भेट झाली तर "रोजा है ना?" याच्याऐवजी "तबीयत कैसी है?" एवढे विचारून पाहावे. ज्याला रोजा आहे त्यालाही ते आवडेल, आणि ज्याच्या पायाखालची जमीन फिरते आहे, त्याला धरायला एक हात मिळेल.